यकृतातील लिम्फोमा: एका रक्तविकार विभागाच्या सेवेविषयी

यकृतात गाठ दिसली की पहिला संशय यकृताच्या नेहमीच्या कर्करोगाचा किंवा दुसऱ्या अवयवातून तेथे पसरलेल्या कर्करोगाचा येतो, आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. मूळ यकृतातच सुरू होणारा लिम्फोमा (लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग) इतका विरळ आहे की नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्या, म्हणजे लिम्फोमाच्या सर्वांत मोठ्या गटाच्या, एकूण रुग्णांत त्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी भरते. माझ्या थोरल्या बंधूंना तो झाला. ज्या मोठ्या रुग्णालयाच्या रक्तविकार विभागात त्यांचे निदान आणि उपचार झाले, त्या विभागाच्या कामाचे हे परीक्षण आहे. रुग्णालयाचे नाव मी जाणूनबुजून दिलेले नाही.

या विभागाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे तपासण्यांच्या क्रमाबाबतचा त्यांचा ठामपणा. आधीच्या ठिकाणी केवळ सीटी स्कॅन पाहून शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला होता. येथील डॉक्टरांनी तेच स्कॅन रेडिओलॉजिस्टसोबत पुन्हा पाहिले आणि काही विसंगती आमच्यासमोर मांडल्या: यकृतातल्या रक्तवाहिन्या गाठीतून न दबता, न वळता सरळ जात होत्या, सिरोसिसची (यकृत व्रणांनी घट्ट होण्याची) खूण नव्हती, एएफपी आणि सीईए हे दोन्ही ट्यूमर मार्कर (काही कर्करोगांत रक्तात वाढणारे घटक) सामान्य होते, मात्र एलडीएच (पेशींची झीज वाढली की रक्तात वाढणारे विकर) बरेच वाढलेले होते. यांपैकी एकाही गोष्टीवरून निदान होत नाही, पण त्या एकत्र आल्या की लिम्फोमाचा विचार करावाच लागतो. ‘ऊतींचा तुकडा हाती येईपर्यंत शस्त्रक्रिया नाही आणि स्टेरॉइडही नाही,’ असे त्यांनी स्पष्ट सांगितले. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी झपाट्याने मरतात, आणि बायोप्सीपूर्वी ते दिले गेले तर नमुन्यात निदानाजोगे काही उरतच नाही, असा धोका असतो. रात्री घामाने भिजणारा आणि तापाने खचलेला रुग्ण समोर असताना हा संयम राखणे सोपे नाही.

बायोप्सीही त्यांनी बारीक सुईने केवळ पेशी ओढून न घेता जाड सुईने केली, कारण लिम्फोमाचा प्रकार ठरवण्यासाठी पेशींची मांडणी दिसावी लागते. त्याआधी रक्त गोठण्याची तपासणी झाली आणि सोनोग्राफीच्या आधाराने नमुना घेण्यात आला. त्यानंतर मात्र इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या (पेशींतील विशिष्ट प्रथिने रंगवून ओळखण्याच्या तपासणीच्या) अहवालासाठी फार थांबावे लागले, आणि या काळात विभागाचा कारभार मला अजिबात आवडला नाही. सीडी२०, सीडी३, सीडी१०, बीसीएल६, एमयूएम१, केआय-६७ असे अनेक मार्कर पाहायचे असल्याने वेळ लागतो हे मान्य आहे. परंतु अहवाल कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारायला एकही निश्चित व्यक्ती नव्हती आणि खिडकीवर दर वेळी वेगळे उत्तर मिळत होते. कावीळ वाढताना पाहणाऱ्या कुटुंबासाठी हे क्लेशदायक आहे.

अहवालात डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (बी प्रकारच्या लिम्फोसाइटचा वेगाने वाढणारा कर्करोग) हा प्रकार निघाला. यकृतात सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच आहे. रोग खरोखर यकृतापुरताच आहे का, हे ठरवण्यासाठी पेट स्कॅन (शरीरभर सक्रिय रोग शोधणारे स्कॅन) आणि अस्थिमज्जेची तपासणी झाली. लसिका ग्रंथी, प्लीहा आणि मज्जा या सर्व ठिकाणी काही सापडले नाही.

उपचारांपूर्वीच्या तयारीबद्दल या विभागाला मी मनापासून दाद देईन. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या झाल्या, आणि हिपॅटायटिस बीसाठी केवळ एचबीएसएजीवर (चालू संसर्गाची खूण) न थांबता अँटी-एचबीसीही (जुन्या संसर्गानंतरही राहणारी खूण) पाहिले गेले. बंधूंचे पहिले निगेटिव्ह आणि दुसरे पॉझिटिव्ह होते, म्हणजे जुना संसर्ग शरीरात दडून होता. उपचारांतील रिटुक्सिमॅब या बी-पेशी नष्ट करणाऱ्या औषधामुळे असा विषाणू पुन्हा उसळू शकतो आणि ज्या यकृतावर उपचार चालू आहेत तेच निकामी होऊ शकते. म्हणून एन्टेकॅव्हिर हे विषाणूरोधक औषध आधीपासूनच सुरू करण्यात आले. डॉक्सोरुबिसिन या केमोथेरपीच्या औषधामुळे हृदयावर ताण येतो, त्यामुळे इकोही (हृदयाची सोनोग्राफी) झाला.

आर-चॉप ही पाच औषधांची पद्धत, साधारणपणे २१ दिवसांच्या अंतराने ६ आवर्तने, अशी योजना होती. अडचण बिलिरुबिनची, म्हणजे काविळीत रक्तात वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याची, होती. डॉक्सोरुबिसिन आणि विन्क्रिस्टिन ही दोन्ही औषधे मुख्यतः यकृताकडूनच बाहेर टाकली जातात, त्यामुळे कावीळ असताना त्यांची पूर्ण मात्रा घातक ठरू शकते; उलट कावीळ लिम्फोमामुळेच असल्याने उपचार थांबवणेही परवडणारे नव्हते. बायोप्सी हाती असल्याने आता प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देता येत होते. ते आणि रिटुक्सिमॅब आधी देऊन, बिलिरुबिन उतरल्यावर बाकीची औषधे पायरीपायरीने वाढवण्यात आली. मात्रेचा प्रत्येक निर्णय आणि त्यामागचे कारण डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिले व आम्हाला समजावून सांगितले. मला ही विभागाची सर्वोत्तम कामगिरी वाटते.

डे-केअरमधील परिचारिका अत्यंत दक्ष होत्या. पहिले रिटुक्सिमॅब थंडी वाजून येईल या अपेक्षेने संथ गतीने दिले गेले. डॉक्सोरुबिसिननंतर लघवी लालसर होईल, घाबरू नका, हे त्यांनी आधीच सांगितले. शिरेतून औषध बाहेर झिरपत नाही ना, हे त्या सतत पाहत होत्या. बोटांना मुंग्या येतात का, हा प्रश्नही त्या प्रत्येक वेळी विचारत, कारण विन्क्रिस्टिनचा परिणाम तेथूनच जाणवू लागतो. खाटा कमी आणि बसायला जागा अपुरी, ही उणीव मात्र नमूद करायला हवी.

मधल्या पेट स्कॅनमध्ये डोविल गुण (रोग किती सक्रिय आहे हे दाखवणारा १ ते ५ मधला आकडा; कमी तितका चांगला) २ आला, अखेरच्या स्कॅनमध्येही रोग दिसला नाही, आणि बंधू आता नियमित तपासणीसाठी जातात. तरीही घरी सोडताना दिलेल्या कागदात एक गंभीर त्रुटी राहिली: रिटुक्सिमॅब संपल्यानंतरही एन्टेकॅव्हिर किमान १२ महिने चालू ठेवायचे असते, आणि नेमकी हीच सूचना त्यात नव्हती. आमच्या कुटुंबाच्या डॉक्टरांनी हे औषध अजून कशासाठी, असे विचारले, तेव्हा आम्हाला विभागात फोन करावा लागला. तेथून उत्तर लगेच मिळाले, आणि दुरुस्त केलेला कागदही मिळाला. परंतु ही ओळ छापील नमुन्यातच असावी, अशी लेखी विनंती मी विभागप्रमुखांकडे दिली आहे. या विभागाकडे जाणाऱ्यांनी जुन्या स्कॅनच्या सीडीबरोबरच आधी बायोप्सी झालेली असल्यास तिचे पॅराफिन ब्लॉकही (मेणात जतन केलेले ऊतींचे नमुने) न्यावेत; येथील पॅथॉलॉजिस्ट दुसऱ्याच्या अहवालावर विसंबून न राहता ते स्वतः पुन्हा तपासतात.