पाकिटातली पेया: पीठ नको, कणी घ्या

आजारातून उठलेल्या माणसासाठी किंवा पंचकर्मानंतरच्या पथ्यासाठी पेयेचं, म्हणजे तांदळाच्या पातळ पेजेचं, तयार मिश्रण आता पाकिटात मिळतं. एक प्रकार बारीक पिठाचा, दुसरा भाजलेल्या कणीचा. चवीला दोन्ही चांगले. पण पथ्य म्हणून घ्यायचं तर कणीचंच घ्यावं. पिठाच्या पाकिटावर नाव पेयेचं असलं तरी पातेल्यात पेया होत नाही.

शितं आणि द्रव यांच्या मेळावर या प्रकारांची नावं ठरतात. शितं काढून नुसतं पाणी घेतलं की मंड. द्रव भरपूर आणि शितं थोडी असली की पेया. शितं जास्त आणि द्रव नावापुरता असला की विलेपी. आयुर्वेदाच्या शार्ङ्गधर संहितेत पेयेला 14 पट, यवागूला (पेया आणि विलेपीच्या मधली पेज) 6 पट आणि विलेपीला 4 पट पाणी सांगितलं आहे.

पिठाच्या पाकिटावरची कृती अशी: कपभर पाण्यात दोन चमचे मिश्रण, पाच मिनिटं उकळा. प्रमाण कागदावर 14 पटीच्या जवळपास बसतं, पण पिठातला सगळा स्टार्च पाण्यात उतरतो आणि अख्खा कप एकजीव दाट होतो. निवायला लागला की खळीसारखा बसतो. वर पाणी वाढवलं तर बेचव पांढरं पाणी होतं, शितं काही येत नाहीत. शिवाय उकळत्या पाण्यात थेट पीठ टाकलं की गुठळ्या होतात: बाहेरचा थर लगेच शिजतो, आत कोरडं पीठ अडकतं. हेच पाकीट घरात असेल तर पीठ आधी पाव कप गार पाण्यात कालवा, मग उकळत्या पाण्यात ओता.

कणीच्या मिश्रणाला वेळ जास्त लागतो, पण पेया खरीखुरी होते. 50 ग्रॅम कणीला 700 मिली पाणी. पाण्याला उकळी आल्यावर कणी सोडा आणि पहिली दोन-तीन मिनिटं ढवळत राहा, कारण कणी तळाशी बसते आणि लागते. मग आच मंद करून झाकण अर्धवट ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांनी एक शीत बोटांत चिरडून पाहा, मध्ये कच्चा कण लागता कामा नये. फार आटलं तर गरम पाणीच घाला, गार पाण्याने उकळी मोडते. पळीने घोटू मात्र नका, घोटलं की शितं फुटतात आणि पुन्हा पिठाचीच गत होते. उतरवून पाच मिनिटं ठेवल्यावर वर पातळ द्रव आणि खाली मऊ शितं दिसली, की जमली. कुकरच्या फंदात पडू नये. एवढ्या पातळ तांदळाचा फेस शिट्टीतून उसळतो आणि वाट चोंदते.

कणीचा आणखी एक मोठा फायदा आहे. प्रधान शुद्धीनंतरच्या, म्हणजे पंचकर्मातल्या पूर्ण शोधनानंतरच्या, संसर्जन क्रमात (हळूहळू नेहमीच्या जेवणावर येण्याच्या पथ्यात) तीन अन्नकाळ (जेवणाच्या वेळा) पेया, पुढचे तीन विलेपी, मग यूष (डाळीचं कढण) असा सात दिवसांचा चढता क्रम असतो. त्याच 50 ग्रॅम कणीला 200 मिली पाणी घातलं की विलेपी होते, वेगळं पाकीट लागत नाही.

घटकांची यादी नीट वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. आधी तांदूळ, मग सुंठ, जिरं, सैंधव असं असेल तर ठीक. साखर किंवा दूध पावडर दिसली तर पाकीट परत ठेवा. नुसतं 'तांदूळ' लिहिण्यापेक्षा साठीचा (साठ दिवसांत तयार होणारा) किंवा वर्षभर जुना तांदूळ असा उल्लेख असलेलं बरं, नवा तांदूळ चिकट होतो. बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, गहू वर्ज्य असणाऱ्यांनी लक्ष द्यावं. मीठ आधीच मिसळलेलं असणं ही मात्र खरी उणीव आहे. रक्तदाबामुळे मीठ मोजून घेणाऱ्याला ते कमी करता येत नाही.

'सर्वांसाठी उपयुक्त' हा वेष्टनावरचा दावाही तसाच घेऊ नये. शोधनानंतर मद्यपी माणसाला आयुर्वेदाचे आचार्य चरक यांनी पेयेऐवजी तर्पण, म्हणजे लाह्यांच्या पिठाचं पातळ पेय, सांगितलं आहे. तेव्हा पेया कोणाला आणि किती वेळा, हे वैद्यांनाच विचारा. शिजवलेली पेया गरम असतानाच प्यावी आणि प्रत्येक वेळी ताजी करावी. उरलेली फ्रिजमध्ये घट्ट होते, परत गरम केली तरी शितं आणि द्रव वेगळे होत नाहीत.