मॅक्रोची नवी माहिती: कंपायलरला मागे ओढायचं, की आपला डिबगर शिकवायचा?

आमच्या टीममध्ये जुनं घरचं क्रॅश डम्प (प्रोग्राम कोसळताना जपलेली मेमरी) वाचायचं टूल आहे. एक दिवस त्यात बफर_साइझ टाकलं तर म्हणे असा मॅक्रोच (सोर्समध्ये डिफाइनने दिलेलं नाव) नाही, आणि सोर्समध्ये तर ४०९६ ढळढळीत लिहिलेलं. एरर नाही वॉर्निंग नाही, अर्धा दिवस आम्ही जी-३ ऑप्शन (कंपायलरला मॅक्रोची माहितीही द्यायला सांगणारा) राहिला का तेच बघत बसलो. तो होता. टूल बायनरीतला डीबग_मॅकइन्फो सेक्शन, म्हणजे मॅक्रोच्या माहितीचा जुना भाग, शोधत होतं आणि नव्या जीसीसी कंपायलरने सगळं डीबग_मॅक्रोमध्ये टाकलेलं, कंपाइल युनिटवरचं (एका सोर्स फाइलच्या नोंदीवरचं) तिकडे बोट दाखवणारं अॅट्रिब्यूटही वेगळं, त्यामुळे त्याच्या लेखी मॅक्रो नव्हतेच!

तुमच्याकडेही असंच टूल असेल तर रस्ते तीन.

पहिला, कंपायलरला ड्वार्फ ४ (ड्वार्फ म्हणजे डीबग माहितीचा फॉरमॅट) आणि स्ट्रिक्ट ड्वार्फवर (स्टँडर्डबाहेरचं काही द्यायचं नाही) बांधून ठेवायचं. नुसतं ४ करून भागत नाही हां, कारण जीसीसी ४.७ पासूनच नवा सेक्शन एक्स्टेंशन म्हणून देतंय, ड्वार्फ ५ मध्ये २०१७ ला तो अधिकृत झाला एवढंच. टूलला हात लावावा लागत नाही, पण स्ट्रिक्टने बाकीची एक्स्टेंशन्सही जातात, कॉल साइटची (फंक्शन कुठून बोलावलं त्याची) माहिती जाते आणि ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डमध्ये जास्त व्हेरिएबल्स ऑप्टिमाइझ्ड आउट, म्हणजे किंमत न सापडणारे, दिसतात. शिवाय जुन्या पद्धतीत प्रत्येक फाइलसाठी हेडरमधले सगळे मॅक्रो परत परत अख्खे लिहिले जातात, ३०० फाइल्सनी एकच हेडर घेतला तर ३०० वेळा. रिलीज तोंडावर असेल तर करा, नाहीतर नको.

दुसरा, टूललाच शिकवायचं. वाटतं तेवढं अवघड नाही, पहिले चार ऑपकोड (नोंदीचा प्रकार सांगणारे आकडे) जुनेच आहेत: डिफाइन, अनडेफ, फाइल सुरू, फाइल संपली. ५ आणि ६ मध्ये स्ट्रिंग जागेवर नसते, डीबग_एसटीआर या स्ट्रिंग्जच्या सेक्शनमधला ऑफसेट (जागेचा आकडा) असतो. ७ म्हणजे इम्पोर्ट, खरी गंमत इथेच, हेडरचे मॅक्रो वेगळ्या तुकड्यात ठेवून लिंकर (सगळं जोडून बायनरी बनवणारा) एकसारखे तुकडे एकदाच ठेवतो, तुम्ही तिकडे उडी मारून वाचायचं आणि परत यायचं. डीबग_मॅक्रोमधल्या तुकड्याच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये (सोर्समधली हेडर फाइल नव्हे) दोन बाइटचं व्हर्जन, मग एक बाइट फ्लॅग्ज. व्हर्जन ४ म्हणजे जीएनयूचं एक्स्टेंशन, ५ म्हणजे स्टँडर्ड, दोन्ही घ्या, जुन्या लायब्ररीज आणि नवा कोड एकाच बायनरीत सर्रास सापडतात. आम्ही आपटलो ते फाइल नंबरवर, लाइन टेबलमध्ये (सोर्स फाइल्स आणि ओळींच्या यादीत) ते पूर्वी १ पासून सुरू व्हायचे, ड्वार्फ ५ मध्ये ० पासून, त्यामुळे आमचा मॅक्रो शेजारच्याच हेडरच्या नावावर दिसायला लागला. रीडएल्फने (बायनरीतली माहिती छापणारं टूल) डब्ल्यूएम ऑप्शन लावून काढलेलं आउटपुट शेजारी उघडून एकेक ओळ ताडून बघितली तेव्हा कळलं.

तिसरा, वाचायचं काम जीडीबी या डिबगरवर सोपवायचं. त्याला दोन्ही फॉरमॅट कळतात, पायथनमधून इन्फो मॅक्रो चालवायचं आणि आउटपुट स्ट्रिंग म्हणून घ्यायचं. दोन-चार मॅक्रो बघायचेत तर बेस्ट, पण हजारो डम्प रात्रभर घासायचे असतील तर दरवेळी जीडीबी उठवणं जड जातं, आणि आउटपुटचा मजकूर कापत बसायचं काम मला तरी अजिबात आवडत नाही.

मी असतो तर तिसऱ्याने तात्पुरतं भागवून दुसरं लिहायला घेतलं असतं, इम्पोर्टपासून सुरुवात करून, कारण ते राहिलं तर हेडरमधले मॅक्रो जवळजवळ सगळे गायब आणि मुख्यतः सी फाइलमधलेच दिसतात.