मातीतला जिवाणू, त्वचेतले धागे आणि एक महागडा अहवाल

अंगाची खाज कोणत्याच औषधाला दाद देत नसेल, आणि अशा वेळी कोणी तुम्हाला 'हा मॉर्गेलॉन्स आहे, तो शेतातल्या जिवाणूमुळे होतो आणि त्याची तपासणी फक्त आमच्याकडेच होते' असे सांगत असेल, तर पैसे भरण्यापूर्वी माझी हकिकत वाचावी, अशी विनंती आहे. (त्वचेतून धागे निघतात आणि त्वचेखाली काहीतरी फिरते, असे ज्यांना जाणवते ते आपल्या त्रासाला मॉर्गेलॉन्स म्हणतात.)

मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली. १९९५ पासून उत्तर कॅलिफोर्नियात, बदामाच्या बागांनी वेढलेल्या एका गावात राहते. हातांवर आणि पाठीवर खाजणाऱ्या गाठी उठू लागल्या, खाजवून जखमा झाल्या, त्या भरेनात, आणि खपल्यांमध्ये निळे-तांबडे बारीक धागे दिसू लागले. त्वचेखाली मुंग्या फिरत असल्यासारखे वाटे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक मलम लिहून दिले आणि 'ताण कमी करा' असे सांगून बोळवण केली. रुग्णाचे म्हणणे पुरते ऐकूनच घेतले गेले नाही, की तो ऐकणाऱ्याच्या शोधात निघतो, आणि या धंद्यातली माणसे नेमकी तिथेच बसलेली असतात.

मला भेटलेल्या बाई स्वतःला 'पर्यावरणीय आरोग्य सल्लागार' म्हणवून घेत. त्यांनी तासभर शांतपणे ऐकून घेतले. माहेरी कापसाची शेती होती हे कळताच त्यांनी वहीत त्या ओळीखाली दोनदा रेघ ओढली. मग खोलीतला दिवा मालवून एक जांभळी टॉर्च माझ्या हातावर धरली. खपलीतले धागे निळसर-पांढरे चमकले. 'हे कपड्यांचे धागे असते तर चमकले असते का?' असे त्यांनी विचारले, आणि त्या अंधारात माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हते.

त्यांनी पुढे जे सांगितले त्यातले बरेचसे खरे होते, आणि म्हणूनच ते इथे सविस्तर लिहीत आहे. ॲग्रोबॅक्टेरियम हा मातीतला जिवाणू खरोखर आहे. गुलाब, द्राक्ष, बदाम यांच्या बुंध्यावर गाठी येण्याचा रोग त्याच्यामुळे होतो, कारण तो स्वतःच्या डीएनएचा एक तुकडा वनस्पतीच्या पेशीत घुसवतो. याच गुणामुळे जनुकीय बदल केलेली पिके घडवताना शास्त्रज्ञ त्याला वाहक म्हणून वापरतात. बीटी कापसातले जनुकही त्याच्याच मार्फत गेले. २००१ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींमध्येही तो डीएनए पोचवू शकतो, असे दाखवणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्या संशोधनात सहभागी असलेले न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक विद्यापीठाचे व्हिताली सिटॉव्हस्की यांनी २००७ मध्ये मॉर्गेलॉन्सच्या मोजक्या रुग्णांच्या नमुन्यांत हा जिवाणू आढळल्याचे प्राथमिक निष्कर्षही जाहीर केले होते.

बाईंनी गोष्ट इथेच थांबवली. त्यानंतरचा भाग मला पुढे स्वतः शोधावा लागला. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने कायझर परमनंटे या आरोग्यसंस्थेच्या उत्तर कॅलिफोर्नियातील ११५ रुग्णांचा अभ्यास केला आणि तो जानेवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संसर्गजन्य कारण सापडले नाही, आणि त्वचेवरून घेतलेले बहुतेक धागे सेल्युलोजचे, म्हणजे बहुधा सुती कपड्यांचे निघाले. म्हणजे अभ्यास आमच्याच भागातला, आणि तपासणीचे दुकान थाटणाऱ्या बाईंना त्याचा पत्ता नसावा, हे मला पटत नाही.

तपासणीसाठी ३८५ डॉलर घेतले गेले. केस आणि खपल्या एका पाकिटात घालून पोस्टाने पाठवायच्या होत्या. अहवालात ॲग्रोबॅक्टेरियमसमोर लाल पट्टी आणि 'अतिउच्च' असा शेरा आला. अहवाल येताच 'शुद्धीकरण संच' सुरू झाला: चांदीचे पाणी, आंघोळीत मिसळायची माती, जिभेखाली घ्यायचे थेंब, आणि हे सर्व दरमहा कार्डावरून आपोआप पैसे कापून.

माझ्या मुलीने तशीच जांभळी टॉर्च मागवली आणि न्हाणीघरातल्या टॉवेलवर धरली, तर सारा टॉवेल लखलखला. धुण्याच्या पावडरीत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जी द्रव्ये घालतात, ती या प्रकाशात चमकतात. उघड्या जखमेला सदऱ्याचा धागा चिकटला की तोही चमकणारच. माझा आजार माहेरच्या बीटी कापसातून आला, हा बाईंचा दावा माझ्या भावाने फोनवर एका वाक्यात खोडला: 'ताई, तू गेली तेव्हा आपल्याकडे बीटी होतं तरी कुठं?' भारतात बीटी कापसाला मंजुरी मिळाली २००२ मध्ये. अहवालाच्या शेवटच्या पानावर, भिंग घेऊन वाचावे लागेल अशा अक्षरांत, 'केवळ शैक्षणिक उपयोगासाठी, रोगनिदानासाठी नाही' असे छापलेले होते. प्रयोगशाळेचा पत्ता म्हणजे भाड्याने मिळणारी एक टपालपेटी निघाली.

हा जिवाणू माणसाला कधीच बाधत नाही, असे मात्र नाही. प्रतिकारशक्ती खालावलेल्या किंवा शरीरात दीर्घकाळ नळी बसवलेल्या रुग्णांना त्याचा संसर्ग झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. तो संसर्ग रुग्णालयातल्या साध्या जिवाणू-तपासणीत कळतो आणि प्रतिजैविकांनी बरा होतो. त्वचेतून धागे निघणे हे त्याचे लक्षण नव्हे. चांदीच्या पाण्याबद्दल तर अधिक गांभीर्याने सांगते. ते दीर्घकाळ घेतल्यास त्वचा कायमची निळसर-करडी पडू शकते, आणि औषध म्हणून विकले जाणारे असे पाणी सुरक्षित व गुणकारी मानता येत नाही, हे एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने १९९९ मध्येच जाहीर केले आहे.

नंतर ज्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, त्यांनी माझ्या डबीतले धागे हसण्यावारी नेले नाहीत. ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, मलाही दाखवले, मग लोह, थायरॉइड, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या रक्तचाचण्या केल्या व एका गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. निदान झाले प्रुरिगो नोड्युलॅरिस: तीव्र खाज आणि सततचे खाजवणे यांच्या चक्रातून त्वचेवर गाठी उठण्याचा विकार. उपचार चालू आहेत, रात्री झोप लागते, हातांवरच्या जखमा भरत आल्या आहेत. पाठीला अजून वेळ लागेल.

पैशांचे सांगायचे तर, अमेरिकेत क्रेडिट कार्डावरील वादग्रस्त रकमेबद्दल स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांच्या आत कार्ड कंपनीला लेखी कळवावे लागते. त्या मुदतीत बसणारे हप्ते परत मिळाले. तपासणीचे ३८५ डॉलर मुदतीबाहेर गेले. फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार केली आहे. तक्रारीसोबत अहवालाचे शेवटचे पान, पाकिटावरचा पत्ता आणि बाईंचे 'हे कापसामुळेच' असे लिहिलेले ईमेल जोडता आले, कारण मुलीने ते आधीच छापून ठेवले होते. बाईंच्या संकेतस्थळावरून ॲग्रोबॅक्टेरियमचा उल्लेख आता काढून टाकलेला आहे आणि संच त्याच किमतीला 'बुरशीसाठी' म्हणून विकला जात आहे.