मोफत कायदेविषयक माहिती: काही महिने वापरल्यानंतरचं माझं मत

गेले काही महिने मी मोफत मिळणारी कायदेविषयक माहिती नेटाने वापरतोय. मूळ कायद्यासाठी इंडिया कोड हे सरकारी संकेतस्थळ, खटल्याची पुढची तारीख बघायला ई-कोर्ट्स, विचारपूस करायला १५१०० ही मोफत कायदेविषयक मदतीची हेल्पलाइन आणि सोप्या भाषेत कायदा समजावणारी बरीच संकेतस्थळं. या सगळ्याचा मला मनापासून उपयोग झाला. पण सोप्या भाषेच्या नादात तारीख आणि अपवाद गाळणारी पानं मात्र धोक्याची आहेत, आणि अशी पानं खूप आहेत.

आमच्या आत्याचाच प्रश्न घ्या. वडिलोपार्जित शेतजमिनीत तिचा हिस्सा आहे का? तिचं लग्न १९८८ सालचं, आजोबा गेले २००१ साली, आणि सातबाऱ्यावर नावं फक्त काकांची. एका पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, मुलीला मुलाइतकाच हक्क. दुसरीकडे, ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असतील तरच. तिसरीकडे, १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलीला हक्कच नाही. आत्याने हे वाचून फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे रे, नको ते."

गंमत बाजूला ठेवून सांगतो, तिन्ही वाक्यं कुणी मनाने लिहिलेली नव्हती. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात स्वतःची दुरुस्ती केली. त्यात मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानेच वाटेकरी केलं, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद संपवला. मग २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश विरुद्ध फुलवती या प्रकरणात सांगितलं की त्या तारखेला वडील हयात हवेत. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते बदललं. मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही. म्हणजे आत्यासारख्या बाईला १९९५ साली एक उत्तर मिळालं असतं, २०१६ साली दुसरं, आज तिसरं. जुनी पानं तशीच पडून आहेत आणि त्यांच्यावर लिहिल्याची तारीख नाही. वाचणाऱ्याने कळायचं कसं?

बरं, "समान हक्क" म्हणून टाळ्या वाजवणारी पानंही पूर्ण सांगत नाहीत. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटणी झालेली असेल, तर ती २००५ च्या दुरुस्तीमुळे उलटत नाही. त्यामुळे आमच्या घरात पहिला प्रश्न हक्काचा नव्हताच. वाटणीपत्र कधी नोंदवलं होतं का, आणि आत्याने कधी हक्कसोडपत्रावर सही केली होती का, हे आधी बघायला हवं होतं. हा अपवाद मला एकाच पानावर सापडला, तोही अगदी तळाशी. ते पान ज्याने कुणी लिहिलं, त्याचे मी आभार मानतो. त्याने कलम क्रमांक दिला होता, म्हणून मूळ कायदा उघडून पडताळता आलं.

कलम क्रमांकाचं महत्त्व मित्राच्या डिपॉझिटच्या भांडणातही दिसलं. घरमालक म्हणत होता, करार नोंदवलेलाच नाही, तेव्हा काय ठरलं होतं ते मी सांगेन. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ नेमकं उलटं सांगतं. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदवायची जबाबदारी घरमालकाची, आणि तो नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, जोपर्यंत विरुद्ध सिद्ध होत नाही. मित्राने एवढा एक परिच्छेद छापून पुढे ठेवला आणि बोलणं सुरळीत झालं.

फौजदारी कायद्याची माहिती वाचताना मात्र फार जपावं लागतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचं कलम ४२० आता ३१८ मध्ये गेलं. पण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंडसंहिता लागते. ही ओळ न देता नुसता जुन्या-नव्या कलमांचा तक्ता देणारी पानं निम्मंच काम करतात.

ई-कोर्ट्सबद्दल फार लिहीत नाही. प्रत्येक खटल्याला मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक जपून ठेवा, तारीख घरबसल्या कळते.

सगळ्यात मोठी गोष्ट मला फार उशिरा वाचायला मिळाली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतल्या व्यक्तींना मोफत वकील मिळू शकतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आत्याची समजूत होती की हे फक्त पिवळ्या रेशनकार्डवाल्यांसाठी. मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या बहुतेकांची तीच समजूत. ही ओळ प्रत्येक तहसील कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायला हवी, असं मला तळमळीने वाटतं. १५१०० वर फोन केल्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायला सांगितलं. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं, तालुक्याला समिती असते. अर्ज साधा होता.

मराठीत मजकूर अजून तोकडाच आहे. जो आहे, त्यातला बराचसा मूळ कायद्याइतकाच अवघड. एकेक वाक्य अर्धं पान. माझ्यासारख्याला दोनदा वाचून कळतं, आत्याला कुणीतरी वाचून दाखवावं लागतं, आणि गरज तर तिलाच आहे.

सध्या काका बोलायला तयार झालेत, त्यामुळे दावा न लावता दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत जायचा विचार चाललाय. तिथल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच ताकद असते आणि त्यावर अपील करता येत नाही. म्हणून तडजोडीच्या मसुद्यात गट नंबर, क्षेत्र, विहिरीचा हिस्सा आणि शेतात जायची वाट, हे सगळं सहीच्या आधीच लिहून घ्यायचं ठरवलंय.