दोन टनी फोल्डिंग इंजिन क्रेन: काय बदलावं, कशाला हात लावू नये

गॅरेजच्या हत्यारांच्या कुठल्याही दुकानात ही क्रेन दिसते: एक उभा खांब, त्यावर बूम म्हणजे पुढे आलेला उचलायचा हात, लांब हायड्रॉलिक जॅक, पुढे जाणारे दोन पाय, आणि काम झालं की दुमडून कोपऱ्यात उभी करायची सोय. रंग आणि स्टिकर वेगळे, सांगाडा बहुतेकांचा सारखाच. म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या जातीच्या क्रेनचं आहे. सांगाडा पैसे वसूल करतो. त्याला जोडलेली चाकं, बोल्ट आणि हूक मात्र अनेकदा हलक्या प्रतीचे येतात. ते बदलावेत. बूम, खांब आणि पाय यांच्या लांबीला हात लावू नये.

आधी 'दोन टन' या आकड्याबद्दल. बूमची आतली नळी पुढे ओढून पिन लावायला साधारणपणे चार भोकं असतात. त्यांवर २०००, १५००, १००० आणि ५०० किलो असं लिहिलेलं असतं. दोन टन मिळतात ते नळी पूर्ण आत असताना. गाडीवर काम मात्र नळी बाहेर काढूनच होतं, कारण बंपर आणि फ्रंट पॅनेल ओलांडून हूक इंजिनाच्या डोक्यावर न्यायचा असतो. तेव्हा घ्यायची दोन टनी आणि धरायची अर्ध्या टनाची. छोट्या पेट्रोल गाडीला तेवढं भरपूर. पण टाटा-कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलेंडर इंजिन एकटंच पाचशे किलोच्या घरात जातं. ते गिअरबॉक्ससकट शेवटच्या भोकावर उचलायचं काम या क्रेनचं नाही.

सगळ्यात कमजोर भाग म्हणजे चाकं. मूळ चाकं लहान आणि कडक असतात. शहाबादी फरशीच्या सांध्यात असं चाक अडकलं की क्रेन जागच्या जागी थांबते आणि लटकलेलं इंजिन पुढे झोका घेतं. खाली पडलेला १० एमएमचा एक नटही पुरतो. लोखंडी गाभ्यावर पॉलियुरेथेन चढवलेली पाच इंची चाकं लावली की हा त्रास बराच कमी होतो. चाक किती वजन पेलणारं घ्यायचं हे ठरवताना क्रेनचा एकूण भार भागिले चाकं असा हिशोब करू नका. बूम पूर्ण बाहेर असताना जवळजवळ सगळं ओझं पुढच्या दोन चाकांवर येतं, आणि जमीन उंचसखल असेल तर त्यातल्याही एकावर. पाचशे किलो उचलायचे असतील तर पुढचं प्रत्येक चाक पाचशेचंच घ्या.

पुढची आणि मागची चाकं सारख्याच उंचीने वाढली पाहिजेत. पुढचं आणि मागचं चाक दीड मीटर अंतरावर आहे आणि फक्त मागची बाजू २५ एमएम वर गेली असं धरा. दोन मीटर उंचीवरचा हूक तेवढ्यानेच सुमारे ३३ एमएम पुढे सरकतो, म्हणजे क्रेन जिकडे उलटू शकते त्याच बाजूला. दुसरी अडचण अशी की पाय जितके उंच, तितके ते खाली बसलेल्या गाडीच्या पोटाखाली जात नाहीत. चाकं घेण्याआधी जी गाडी जास्त येते तिच्याखाली टेप लावून बघा. नव्या चाकाच्या प्लेटची भोकं जुळली नाहीत, तर पायाच्या नळीला नवी भोकं पाडू नका. ८ एमएमची मधली पट्टी कापून घ्या, तिला दोन्ही प्रकारची भोकं पाडा आणि पाय आहे तसा ठेवा.

ब्रेकवाली चाकं मागे लावली तर उत्तम, फक्त इंजिन उचलताना ब्रेक सोडलेला हवा. बूम वर जाते ती सरळ रेषेत नाही, कमानीत. आडव्याच्या वर गेली की हूक खांबाकडे सरकतो. चाकं मोकळी असतील तर क्रेन स्वतःच थोडी सरकून इंजिनाच्या वर राहते. ब्रेक लावलेला असेल तर इंजिन तिरकं ओढलं जातं आणि माउंटिंग सुटायच्या आधी फायरवॉलला (इंजिनामागच्या पत्र्याला) किंवा रेडिएटरला घासतं. इंजिन बाहेर येऊन स्थिर झालं की मग ब्रेक लावा.

बोल्टचा विषय छोटा, पण दुर्लक्षाचा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं नसेल तर तो भंगारात टाका. ८.८ ची ताणशक्ती ८०० मेगापास्कल, साध्या ४.६ ची ४००, म्हणजे बरोबर निम्मी. लांबीही बघून घ्या. दोन पत्रे जिथे एकमेकांवर सरकू पाहतात तिथे बोल्टचा गुळगुळीत भाग आला पाहिजे, आटे नव्हे. एम१६, म्हणजे १६ एमएम जाडीच्या बोल्टचा गुळगुळीत भागाचा छेद २०१ चौरस एमएम, आट्यांमध्ये तो १५७ उरतो. पूर्ण आटे असलेला बोल्ट दुकानात पटकन मिळतो, म्हणून तोच मारला जातो. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा) वापरा, पण पाय दुमडतात त्या सांध्यावर तो इतका आवळू नका की पाय हलणारच नाही. बूमच्या पिनला जागेवर धरणारी क्लिप हरवली तर तार गुंडाळून चालवू नका, नवी घ्या.

हूकला स्प्रिंगची जीभ नसेल तर हूक बदला. साखळी ग्रेड ८० ची ८ एमएम घेतली की सरळ ओढीत दोन टनांचं काम होतं, कड्यांवर ८ किंवा ८० असं कोरलेलं असतं. हार्डवेअरच्या दुकानातली चकचकीत झिंकची साखळी गेटला कुलूप लावण्यासाठी असते. दोन टोकांनी इंजिन बांधताना साखळीचा कोन आडव्यापासून ६० अंशांच्या आसपास ठेवा. २०० किलोच्या इंजिनाला प्रत्येक टोकावर तेव्हा ११५ किलो येतात, तर ३० अंशांवर पूर्ण २००. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये एम१० बोल्टचे आटे निदान २० एमएम आत गेले पाहिजेत, आणि साखळीच्या कडीवर जाड वायसर हवा.

लेव्हलर, म्हणजे हूक आणि साखळ्यांच्या मध्ये बसणारी, इंजिनाचा कल बदलणारी दांडी, घ्यायलाच हवा. गिअरबॉक्ससकट इंजिन तिरकं करून काढताना हँडल फिरवलं की काम होतं, हाताने ढकलावं लागत नाही. त्याने उंची मात्र खाल्ली जाते, साखळ्यांसकट जवळजवळ फूटभर. उंच नाकाच्या गाडीवर इंजिन पॅनेलच्या वर येतच नाही, तेव्हा साखळी आखूड बांधावी लागते. कोन तेव्हाही तपासा.

जॅकमध्ये हायड्रॉलिक ऑइल, व्हीजी ३२ (हा ऑइलच्या घट्टपणाचा आकडा). हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल ओतलं की आतली रबरी सील फुगतात आणि काही दिवसांत जॅक बसू लागतो. ऑइल रॉड पूर्ण खाली असताना भरायचं. नंतर रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवून दहा-पंधरा वेळा पंप मारला की हवा निघते. पंपावरचा सीलबंद स्क्रू ओव्हरलोडचा असतो, तो आवळून जॅकची ताकद वाढत नाही, फक्त बचाव जातो. पंपाच्या दांड्यावर पाइप चढवणंही त्यातलंच.

आता न करायच्या गोष्टी. जागा कमी म्हणून पाय फूटभर कापून घेतात, हात पुरत नाही म्हणून बूमला तुकडा वेल्ड करतात. दोन्हीचा परिणाम एकच: हूक पुढच्या चाकांच्या रेषेबाहेर जातो आणि क्रेन उलटते. खांबाला विंच लावून तार बूमच्या टोकावरच्या पुलीवरून सोडणारेही भेटतात. ५०० किलो उचलताना बूमला खालचे ५०० असतातच, वर तारेची ५०० ची ओढ वेगळी. कंपनीने दिलेल्या आकड्यात ती धरलेलीच नसते.

हँडल अडकवायचा हूक किंवा हत्यारांचा ट्रे खांबाला वेल्ड करायचा असेल, तर अर्थिंगची क्लिप वेल्डच्या अगदी जवळ लावा, करंट जॅकमधून जाऊ देऊ नका. रॉडवर ओलं फडकं गुंडाळा. क्रोमवर पडलेला एक ठिपका सील कापतो. त्यापेक्षा ट्रेला यू-क्लॅम्प बरा.

बदल झाल्यावर गाडीवर जायच्या आधी सिमेंटच्या पोत्यांनी चाचणी घ्या, पोतं ५० किलोचं असतं. २५० किलोचं इंजिन उचलायचं असेल तर लाकडी पॅलेटवर सहा पोती बांधा, त्या भोकावर लिहिलेली मर्यादा ओलांडू नका. १० सेंटीमीटर उचला, रॉडवर खडूने खूण करा, अर्धा तास तसंच ठेवा. खाली कुणी हात घालू नये. खूण सरकली का ते बघा, नंतर ओझं जमिनीला जेमतेम न टेकेल इतकं खाली आणून क्रेन खांबाला धरून ढकला, ओझ्याला धरून ओढू नका. खूण सरकली असेल तर आधी रिलीज व्हॉल्व्ह नीट बंद आहे का बघा, मगच सील किट आणा.