तीन कास्क स्ट्रेंग्थ माल्ट, एका तीव्रतेवर आणून

आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक व्हिस्कीवर 42.8 टक्के अल्कोहोल असा आकडा छापलेला असतो. जुन्या ब्रिटिश मोजमापात तो 75 प्रूफ होतो आणि 57.1 टक्के म्हणजे 100 प्रूफ. ग्लेनफार्क्लास 105 या नावातला आकडा याच हिशेबातून आलेला असून त्या बाटलीत 60 टक्के अल्कोहोल असते. बेळगावात कास्क स्ट्रेंग्थची, म्हणजे पिंपातून काढून पाणी न घालता बाटलीत भरलेल्या माल्टची (मोड आणलेल्या बार्लीच्या व्हिस्कीची), चर्चा निघाली की ती बहुधा ‘यातली जास्त कडक कोणती?’ या प्रश्नापाशीच अडते, आणि तेवढ्यावरून एवढी महाग बाटली निवडणे मला मुळीच पटत नाही. अबर्लोर अबुना, ग्लेनफार्क्लास 105 आणि लफ्रॉइग 10 या स्कॉटलंडच्या तिन्ही बाटल्या एकाच तीव्रतेवर, म्हणजे अल्कोहोलच्या एकाच टक्केवारीवर, आणल्याखेरीज त्यांची तुलना होऊ शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्कॉटलंडमध्ये नवे मद्य साधारणपणे 63.5 टक्क्यांवर ओकच्या पिंपात भरतात. तिथल्या दमट, थंड हवेत दरवर्षी सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते आणि उरलेल्याची तीव्रता हळूहळू उतरते. त्यामुळे लेबलवर 60 च्या पुढचा आकडा दिसला, तर तो दर्जापेक्षा पिंपातल्या मद्याच्या कोवळेपणाबद्दलच अधिक सांगत असण्याची शक्यता असते. बंगळूरच्या उष्ण हवेत अमृत डिस्टिलरीच्या पिंपांतून होणारी घट याच्या कितीतरी पट असते, आणि म्हणूनच तिथला माल्ट लवकर तयार होतो.

तुलनेची पद्धत सोपी आहे. 60 टक्क्यांच्या 30 मिलिलिटर व्हिस्कीत 9 मिलिलिटर पाणी घातले की ती 46 टक्क्यांवर येते. औषधाच्या दुकानातली सुईविना सिरिंज हे माप अचूक देते. पाणी उकळून निववलेले असावे, कारण नळाच्या पाण्यातला क्लोरीनचा वास धुराच्या माल्टमध्ये लगेच कळतो. बर्फ मात्र टाळावा, कारण थंडीने वास दबतो आणि आपण पैसे मोजलेले असतात ते वासासाठीच.

अबर्लोर अबुना ही स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली, ओलोरोसो शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांतली व्हिस्की बॅचनुसार निघते आणि बाटलीवर वयाचा उल्लेख नसतो. पाण्याविना ती गडद, मनुक्यांसारखी आणि जिभेला चटका देणारी आहे. 46 टक्क्यांवर संत्र्याची साल आणि दालचिनी पुढे येतात, आणि सोबत बेळगावचा कुंदा असेल तर आटवून खरपूस झालेल्या दुधाची गोडी तिला विलक्षण शोभते. तथापि पाणी आणखी वाढवले की लाकडाचा तुरटपणा वर येतो आणि मधली चव पातळ होते. शिवाय बॅच बदलली की तीव्रता आणि चव दोन्ही बदलतात, म्हणून एखाद्याने केलेली स्तुती कोणत्या बॅचची आहे हे विचारल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

ग्लेनफार्क्लास 105 चे तसे नाही. 1865 पासून ग्रँट कुटुंबाकडे असलेल्या या डिस्टिलरीने ती 1968 मध्ये प्रथम नाताळची भेट म्हणून भरली, आणि आज ती नेहमी 60 टक्क्यांचीच असते. अबुनाइतकी ती भरगच्च नाही, पण पाणी थोडे कमीजास्त झाले तरी बिघडत नाही. पहिल्यांदाच घेणाऱ्याने हीच घ्यावी.

खरी कसोटी लागते ती आयला बेटावरच्या लफ्रॉइग 10 कास्क स्ट्रेंग्थची. 2009 पासून ती क्रमांकित बॅचमध्ये येते आणि तीव्रता साधारण 55 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान असते. या डिस्टिलरीत आजही काही बार्लीला फरशीवर पसरून मोड आणतात आणि ती पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींपासून बनलेल्या इंधनाच्या, धुरावर वाळवतात. पाण्याविना वास घेतला तर आयोडिन आणि राख एवढेच जाणवते, त्यामुळे पुष्कळ जण इथेच पेला खाली ठेवतात. आता सिरिंजने थेंब थेंब पाणी सोडावे. आधी तेलासारख्या रेषा पेल्यात वळवळतात, मग सोनेरी रंगावर हलके धुके पसरते, कारण चिल फिल्ट्रेशनमध्ये, म्हणजे व्हिस्की थंड करून गाळताना, काढून टाकले जाणारे तेलकट घटक इथे शाबूत असतात. त्यानंतर धूर मोकळा होतो आणि त्यामागून व्हॅनिला, लिंबू आणि समुद्राचा खारेपणा येतो. स्वीडनच्या संशोधकांनी 2017 मध्ये संगणकीय प्रतिकृतीवरून दाखवले की धुराचा वास देणारे ग्वायकॉल 59 टक्क्यांच्या वर द्रवात आत राहते आणि 45 टक्के व त्याखाली पृष्ठभागाकडे येते. या पेल्यात ते नाकाला अगदी स्पष्ट कळते. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे भरीत सोबत घ्यावे. धुराला धूर मिळतो. तिघींत पाण्याला इतका भरभरून प्रतिसाद देणारी दुसरी नाही, आणि माझ्या लेखी पहिला क्रमांक तिचाच.

किमतीचा विचार करताना हेही ध्यानात घ्यावे की 60 टक्क्यांची 700 मिलिलिटरची बाटली 42.8 टक्क्यांवर आणली तर सुमारे 980 मिलिलिटर व्हिस्की होते. याच हिशेबाने तिचा 30 मिलिलिटरचा पेग नेहमीच्या 42 मिलिलिटरएवढा भरतो, तेव्हा पेग मोजणाऱ्यांनी तो तसाच मोजावा आणि त्यानंतर गाडीला हात लावू नये. बेळगाव-निपाणीच्या साध्या दुकानांत या बाटल्या क्वचितच दिसतात. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला सोबत दोन लिटरपर्यंत मद्य आणता येते, तो मार्ग सरळ आहे. गोव्यातले दर पाहून चोर्ला घाटातून परवान्याविना बाटली आणण्याचा मोह मात्र करू नये. नाक्यावर सापडली तर बाटलीबरोबर गाडीही अडकते.