चाळीस वॅटचे पॅनेल बावीस वॅटचे निघाले

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाचा चिटणीस या नात्याने मी हा अनुभव लिहीत आहे. जुन्या ट्यूबलाइट काढून त्या जागी एलईडी पॅनेल बसवण्याच्या कामात आमच्या संस्थेची ३०,७९८ रुपयांना फसवणूक झाली आणि तब्बल सहा महिने ती कोणाच्याही ध्यानात आली नाही, कारण वीजबिल खरोखरच उतरले होते. आम्ही बिलाकडे पाहत राहिलो, टेबलावरच्या उजेडाकडे कोणी पाहिले नाही.

वाचनकक्ष आणि अभ्यासिका मिळून आमच्याकडे दोन फूट बाय दोन फूट चौकटींचे फॉल्स सीलिंग आहे. त्यात १८ फिटिंग होती आणि प्रत्येकात १८ वॅटच्या, दोन फुटी चार ट्यूब होत्या. ट्यूबचे मिळून ७२ वॅट होत असले तरी तांब्याच्या तारेचे जुने चोकही वीज खातात, त्यामुळे एक फिटिंग ९० वॅटच्या आसपास घेत असे. पावसाळ्यात चोक घुमत, स्टार्टर टिचटिच करत राहत, ट्यूबची टोके काळी पडत आणि महिन्यातून एकदा तरी शिडी लावावी लागे. म्हणजे बदल करणे आवश्यकच होते, आणि तो निर्णय चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात, मिरगाच्या थोडे आधी, दोन माणसे टेंपोतून आली. गळ्यात ओळखपत्रे होती आणि बोलणे अतिशय अदबीचे होते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या उजाला योजनेचा हा ‘पुढचा टप्पा’ असून सार्वजनिक संस्थांना सवलतीत पॅनेल मिळत असल्याचे त्यांनी सांगितले. स्वस्तात मिळालेले एलईडी बल्ब समितीतल्या बहुतेकांच्या घरी होते, त्यामुळे नाव ऐकताच विश्वास बसला. उजालामध्ये बल्ब, एलईडी ट्यूब आणि पंखे होते, पॅनेल नव्हते, एवढे जरी आम्ही कोणाला विचारून घेतले असते तरी बोलणे तिथेच संपले असते.

त्यानंतर त्यांनी प्रात्यक्षिक दाखवले. वर्तमानपत्रांच्या टेबलावरचे एक फिटिंग उतरवून तिथे नमुन्याचे पॅनेल बसवले, वॅट दाखवणारे छोटे मीटर जोडले, तर आकडा ३९ आला. उजेड मोजणारे लक्समीटर टेबलावर ठेवले, तर ३२० लक्स आले. वाचनाच्या टेबलावर ३०० लक्सच्या आसपास उजेड असावा असे प्रकाशयोजनेत सामान्यतः धरतात, हेही त्यांनीच समजावून सांगितले, आणि ते खरे आहे. त्यांनी दाखवलेल्या गोष्टींत खोटे काहीच नव्हते, आणि म्हणूनच आम्हाला संशय आला नाही. नमुन्याचे ते पॅनेल मात्र ‘पुढच्या संस्थेत दाखवायचे आहे’ असे सांगून त्यांनी काढून परत नेले. आमच्या हातून जी मोठी चूक झाली ती या ठिकाणी झाली: नमुना दोघांच्या सह्या करून आमच्या कपाटात राहायला हवा होता आणि बसवलेला प्रत्येक नग त्याच्याशी ताडून पाहायला हवा होता.

दर नग १,४५० रुपये, १८ नगांचे २६,१०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४,६९८ रुपये असा हिशेब झाला. वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशी येऊन त्यांनी दुपारपर्यंत काम उरकले आणि जुनी फिटिंग ‘बायबॅक’ म्हणून टेंपोत भरून नेली. त्या फिटिंगमधील ३६ चोकांतल्या तांब्याला भंगारात पैसे येतात हे नंतर कळले. ज्यांना किंमत नव्हती त्या ७२ ट्यूब मात्र त्यांनी आवाराच्या मागे विहिरीलगत टाकून दिल्या आणि त्यातल्या कित्येक फुटल्या. ट्यूबमध्ये पारा असतो, थोडाच का होईना, आणि तो पाण्याजवळ सांडणे ही मला पैशांपेक्षाही गंभीर गोष्ट वाटते.

पुढचे सहा महिने कसे गेले ते नीट सांगितले पाहिजे. दिवसाला दहा तास आणि महिन्याला २६ दिवस धरले, तर जुनी १८ फिटिंग सुमारे ४२१ युनिट खात होती. ४० वॅटच्या पॅनेलना १८७ युनिट लागायला हवे होते, म्हणजे महिन्याला २३४ युनिटची बचत अपेक्षित होती. प्रत्यक्षात बिलातले युनिट त्याहून ऐंशी-पंच्याऐंशींनी जास्त उतरले. पावसामुळे पंखे कमी चालत असतील अशी आम्ही आमचीच समजूत घातली, आणि वार्षिक सभेत मी हे आकडे अभिमानाने वाचून दाखवले, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. ठरल्यापेक्षा जास्त बचत होत आहे, तर ती कुठून येत आहे, हा प्रश्न त्या सभेत मी स्वतः विचारायला हवा होता.

उत्तर डोळ्यांसमोर होते. रोज सकाळी येणारे आमचे एक निवृत्त मुख्याध्यापक चवथीच्या सुमारास आपली खुर्ची टेबलाजवळून उचलून खिडकीपाशी नेऊ लागले. आम्हाला वाटले, त्यांना वारा हवा असेल. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी मोबाइलचा टॉर्च पाण्याच्या बाटलीला टेकवून वहीवर उजेड पाडत असे, आणि तासाभराने डोके दुखते म्हणून उठून जाई. तिनेच एकदा मोबाइलचा कॅमेरा पॅनेलकडे धरून दाखवला: पडद्यावर काळे पट्टे एकामागून एक सरकत होते. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी ती लुकलुक होती. एलईडीला लागेल तशी वीज पुरवणारा पॅनेलचा भाग म्हणजे ड्रायव्हर. स्वस्त ड्रायव्हरमध्ये वीज सपाट करणारा कपॅसिटर अपुरा असला की अशी लुकलुक राहते.

ऑक्टोबरच्या गडगडाटात एका संध्याकाळी तीन पॅनेल एकदम गेली. वॉरंटी कार्डावरच्या क्रमांकावर ‘पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो’ असे दोनदा सांगण्यात आले आणि नंतर तो क्रमांक बंदच झाला. दिवाळीनंतर बाजारातल्या ओळखीच्या वायरमनला बोलावले. त्याने चालू असलेले एक पॅनेल उतरवून आधी मीटरला जोडले, तेव्हा २२ वॅट भरले. खालच्या टेबलावर लक्स मोजले, तेव्हा ११५ आले. मग त्याने मागचे झाकण उघडले. आत एलईडी पट्टीसाठी खाचा दोन्ही बाजूंना होत्या, पट्टी मात्र एकाच बाजूला होती, तीही दुहेरी चिकटपट्टीवर, आणि उष्णतेने अर्धी सुटलेली. पट्टीलगतची प्लॅस्टिकची पाटी सहा महिन्यांतच पिवळट पडली होती आणि ॲल्युमिनियमची म्हणून सांगितलेली चौकट कोपऱ्यात गंजली होती. ड्रायव्हरवरचे ‘४० वॅट’ लिहिलेले लेबल त्याने नखाने सोलले, तेव्हा खाली मूळ छपाई दिसली: १८ ते २५ वॅट, ३०० मिलिअँपिअर. पट्टीवर त्याने ६६ व्होल्ट मोजले. ०.३ गुणिले ६६ म्हणजे २० वॅट, आणि उरलेले दोन ड्रायव्हर स्वतः खाणार. हा हिशेब त्याने वर्तमानपत्राच्या कडेला मांडून दाखवला आणि मला तिथेच बसावे लागले.

कागदपत्रे आम्ही त्यानंतर तपासली. आमच्या खजिनदारांनी बिल हातात घेताच सांगितले की पत्ता म्हापशाचा आहे आणि जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, तो महाराष्ट्राचा, गोव्याचा ३० ने सुरू होतो. शिवाय महाराष्ट्रातल्या नोंदणीवरून गोव्यात विक्री झाली असेल तर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी, लागायला हवा, तर बिलात एकाच राज्यातल्या विक्रीवर लागणारे नऊ-नऊ टक्के सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) लावले होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला, तेव्हा नोंदणी रद्द झालेली दिसली. एलईडी फिटिंग आणि त्यांचे ड्रायव्हर यांना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते आणि तिचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक मालावर छापावा लागतो. आमच्या पॅनेलवरचा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला, तर तो भलत्याच उत्पादकाच्या ॲडॅप्टरचा निघाला. या दोन्ही तपासण्यांना मिळून पाच मिनिटेही लागली नाहीत, आणि आम्ही पैसे देण्यापूर्वी त्यातली एकही केली नव्हती. उरलेली रक्कम आम्ही यूपीआयने दिली, तेव्हा पडद्यावर तिसऱ्याच व्यक्तीचे नाव आले होते, तेही आम्ही चालवून घेतले.

पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली आहे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे. ग्राहक आयोगाकडे जाण्याचाही विचार झाला. २०१९ च्या कायद्याप्रमाणे दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची असते. अडचण एवढीच की नोटीस पाठवायला विक्रेत्याचा खरा पत्ता लागतो. बिलावरच्या पत्त्यावर आम्ही दोघे जाऊन आलो, तिथे एक शिंप्याचे दुकान आहे आणि ते बारा वर्षांपासून आहे. म्हणून ज्या संस्था सध्या असे काम काढत असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की आगाऊ रक्कम देण्यापूर्वी त्या पत्त्यावर कोणाला तरी प्रत्यक्ष पाठवा, आणि शेवटची रक्कम प्रत्येक टेबलावरचे लक्स व कोणत्याही दोन नगांचे वॅट स्वतः मोजल्याशिवाय देऊ नका. हे मीटर वायरमनकडे असते, नसेल तर भाड्याने मिळते.

सध्या वाचनाच्या टेबलांवरची सहा पॅनेल आम्ही डिचोली बाजारातून पक्क्या बिलावर आणून वायरमनच्या देखरेखीखाली बदलली आहेत. मुख्याध्यापकांची खुर्ची पुन्हा टेबलाशी आली आहे. अभ्यासिकेतली नऊ पॅनेल पुढच्या वर्षीच्या वर्गणीतून बदलायची आहेत, तोपर्यंत मुलांसाठी टेबलावर ठेवायचे चार दिवे गावातल्या दोन घरांनी दिले आहेत.